चांदीच्या कणांतले दादासाहेब

मुंबईत १९११ साली एका एकेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना डोळ्यांनी दिसेनासे झाले. कारण त्या काळाच्या मानाने चमत्कारिक होते. हे गृहस्थ कित्येक महिने रोज चार-पाच तास सिनेमा पाहत होते आणि उरलेला वेळ झोप मोडून त्याच विषयाचे प्रयोग करत होते. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळके यांना सगळेच ओळखतात. मात्र चित्रपटात येण्यापूर्वी वीस वर्षे ते छायाचित्रण, ब्लॉक आणि छपाई या व्यवसायांत होते, ही गोष्ट कमी बोलली जाते. प्रकाश, चांदीचे क्षार आणि जिलेटिन या तिन्हींशी त्यांचा जन्मभराचा संबंध. त्यांच्या चित्रपटांचे जे काही उरले आहे, ते आज पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सांभाळले आहे. अशा जुन्या चित्रपटांची डिजिटल दुरुस्ती करताना जगभरच्या तंत्रज्ञांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पडद्यावर सतत थरथरणारे ते बारीक कण ठेवायचे की पुसून टाकायचे? हे कण म्हणजे काय, हे समजून घ्यायला फाळके यांच्या आयुष्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

ठिपक्यांची शाळा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून ते बडोद्याला गेले आणि कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण, छपाई, शिल्प असे हाती लागेल ते शिकले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. या विद्यार्थ्याची ओढ ओळखून त्यांनी त्याला रतलामला पाठवले. तिथे फाळके यांनी तीन रंगांचे ब्लॉक बनवणे, फोटोलिथो आणि डार्करूमचे काम हातात बसवले.

छापलेल्या चित्रावर भिंग धरले की ते ठिपक्यांचे बनलेले दिसते. गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात लहान. हे सगळे एका जाळीच्या शिस्तीत, ओळीने बसलेले असतात. फोटोची काच किंवा फिल्म भिंगाखाली धरली तर तिथेही कण दिसतात. पण त्यांना रांग नसते. ते रांगोळी सांडावी तसे पसरलेले असतात. फाळके यांना हा फरक सरावाने कळला असणार, कारण फोटोतल्या विस्कटलेल्या कणांचे छपाईच्या शिस्तीतल्या ठिपक्यांत रूपांतर करणे हेच ब्लॉक बनवणाऱ्याचे काम.

धंदा म्हणून त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचे दुकान काढले. त्याच सुमारास प्लेगची साथ आली. मुंबईत १८९६ साली शिरलेला हा आजार काही वर्षांत पश्चिम भारतभर पसरला होता. जंतूचा शोध १८९४ साली लागला होता आणि हाफकिन यांनी मुंबईत लसही तयार केली होती, पण झालेला प्लेग बरा करणारे औषध यायला अजून काही दशके होती. या साथीत फाळके यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तिथेही दुकान चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, असा समज पसरलेला होता.

पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. सासरी सरस्वती हे नाव मिळालेल्या या बाई पुढे सगळ्यांच्या काकी झाल्या. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. ती नोकरी सोडून त्यांनी पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, छपाई आणि ब्लॉकचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कामे तिथे होत. पुढे हा व्यवसाय मुंबईत गेला, नवे भागीदार आले, रंगीत छपाईची यंत्रे आणायला फाळके १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस रिकाम्या हातांनी छापखान्याबाहेर पडला.

दृष्टी गेली, दृष्टी आली

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातल्या एका तंबूवजा सिनेमाघरात त्यांनी आधी प्राण्यांचा आणि मग येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण हलू लागले होते. त्या दिवसापासून मिळेल तो सिनेमा पाहणे, फिल्मचे तुकडे जमवून भिंगाखाली तपासणे आणि घरी मेणबत्तीच्या उजेडात खेळण्यातल्या यंत्रावर प्रयोग करणे सुरू झाले. झोप दोन-तीन तासांवर आली. मग डोळ्यांनी संप पुकारला. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली.

त्या आजाराचे निदान आज शंभर वर्षांनंतर करणे योग्य नाही. मात्र अशा अवस्थेत डोळ्यात काय घडते, ते आज नीट माहीत आहे. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातला लहानसा स्नायू आकसतो आणि भिंगाला फुगवटा देतो. तासन् तास बारीक वस्तू पाहिली की तो स्नायू आखडतो आणि काही काळ लांबचेही धूसर दिसते. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतो. फाळके नेमके त्या वयात होते. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. झोप तोडली की हे सगळे वाढते. त्यात त्या काळचे चित्र फडफडत असे, कारण सेकंदाला सुमारे सोळाच चित्रे पडद्यावर पडत.

सिनेमा, टीव्ही किंवा मोबाइल पाहून मोतीबिंदू होतो, असे मात्र नाही. मोतीबिंदूची कारणे वय, मधुमेह, उन्हातले अतिनील किरण, तंबाखू, स्टेरॉइडचा वापर ही आहेत. पडद्यामुळे येतो तो ताण, आणि त्यावरचा उपाय साधा आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, पापण्या मुद्दाम मिटाव्यात, पुरेशी झोप घ्यावी. दृष्टी अचानक गेली किंवा अंधारी आली, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. फाळके यांचे डोळे वाचले ते वेळीच उपचार झाल्यामुळे.

कुंडीतला वाटाणा

बरे झाल्यावर फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जाणारी बोट पकडली. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली आणि सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ दाखवला. फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते मुंबईला परतले.

भांडवल देणाऱ्यांना पटवायचे कसे? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपली. मिनिटाभराच्या त्या फिल्ममध्ये वाटाण्याला कोंब फुटतो, वेल वर चढते, हे पाहणाऱ्यांना डोळ्यांदेखत दिसले. ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात आज टाइम-लॅप्स म्हणून दाखवले जाते तेच हे तंत्र. भारताच्या चित्रपट उद्योगाला पहिले भांडवल मिळाले ते एका विज्ञानप्रयोगावर.

दिवसा रिफ्लेक्टर, रात्री डार्करूम

‘राजा हरिश्चंद्र’ सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत पुरा झाला. लांबी होती ३,७०० फूट. आता थोडे गणित करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात, म्हणजे ५९,२०० चित्रे झाली. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. म्हणजे एका फुटाला १२८ आणि ३,७०० फुटांना ४,७३,६०० भोके. शिवाय वाया गेलेली फिल्म आणि प्रती वेगळ्याच. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय मिळे आणि भोके आपली आपण पाडावी लागत, तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई करत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडणे आणि रात्री भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे. सुरुवातीच्या खर्चासाठी त्यांचे दागिनेही गेले होते. भोक केसभर चुकले तर पडद्यावर चित्र हलते. आज संगणकावर चित्र स्थिर करताना पहिला हिशेब या भोकांचाच होतो.

फिल्मवर असते जिलेटिनचा पातळ थर, आणि त्यात चांदीच्या ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण खूण उमटलेली असते. डेव्हलपरच्या द्रावणात घातले की खूण असलेला स्फटिक सगळाच्या सगळा काळ्या चांदीत बदलतो. खूण नसलेले स्फटिक हायपोत विरघळून जातात. उरते ते चांदीच्या गुंतवळीचे चित्र. या गुंतवळी एकमेकींवर पडून जो रवाळपणा दिसतो, त्याला छायाचित्रकार ग्रेन म्हणतात. स्फटिक मोठा असेल तर तो जास्त प्रकाश पकडतो, त्यामुळे कमी उजेडात चालणारी फिल्म जास्त रवाळ असते.

महत्त्वाची गोष्ट अशी की कणांच्या मागे वेगळे चित्र लपलेले नसते. कण हेच चित्र असते. गाल, पापणी, साडीचा काठ, सगळे याच कणांचे बनलेले. शिवाय पुढच्या चौकटीत कण नव्या जागी असतात. एकच चौकट थांबवून पाहिली तर ती खरखरीत दिसते; फिल्म चालू झाली की मेंदू लागोपाठच्या चौकटींची सरासरी घेतो आणि चित्र एकदम भरीव वाटू लागते. डोळ्याच्या या सवयीवर सारा सिनेमा उभा आहे.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालत असे. पण त्यामुळेच लाल ओठ पडद्यावर काळे येत, तांबूस-सावळी कातडी अधिक गडद येई आणि निळे आकाश पांढरे पडे. त्या काळच्या नटांच्या तोंडावर पांढरट रंगाचे थर दिसतात त्याचे एक कारण हे आहे. दुसरी अडचण आपल्या हवेची. द्रावण साधारण वीस अंश सेल्सिअसला असावे लागते. पाणी कोमट झाले की जिलेटिन फुगते, मऊ पडते, त्यावर बोटांचे ठसे उठतात. मुंबईच्या उकाड्यात घरगुती साधनांनी फिल्म धुणे म्हणजे रोजची परीक्षा होती.

हातचलाखी आणि कॅमेरा

१९१३ नंतर फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१७ सालचा ‘लंकादहन’ पुण्यात आर्यन सिनेमात लागला. यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. त्याच काळात फाळके यांनी ‘नवयुग’ मासिकात आपल्या धडपडीची हकिगत लिहिली आणि चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ यांत बाळकृष्णाचे काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला ही सात वर्षांची मुलगी आधी आपल्या रोजच्या रूपात समोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते आणि मग कृष्ण होते. हा अभिनय आहे, याची जाणीव प्रेक्षकांना आधीच करून दिलेली. जादूगार केळफा यांनी आपली टोपली उघडी करून दाखवावी तसेच हे.

त्यांची जादू कॅमेऱ्याच्या आत घडे. हँडल थांबवायचे, माणूस बाजूला करायचा, पुन्हा फिरवायचे. पडद्यावर माणूस गायब. फिल्म उलटी गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. एका चौकटीत दोन चित्रे. चौकटी मोजण्यात चूक झाली तर सगळी मेहनत पाण्यात, कारण परिणाम फिल्म धुतल्यावरच कळे.

उतरते दिवस

भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळ काशीला निघून गेले, नाटक लिहिले, पुन्हा परतले. एकोणीस वर्षांत सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट त्यांच्या नावावर जमा झाले. पण १९३१ साली सिनेमा बोलू लागला. त्यांचा मूक ‘सेतुबंधन’ पडद्यावर यायच्या वेळी जमाना बदलला होता. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला एकमेव बोलपट. त्यानंतर काम थांबले. उतारवयात पैशांची ओढाताण होती. व्ही. शांताराम यांनी चित्रपट व्यवसायातल्या लोकांना आवाहन केले, पुण्याच्या प्रभात कंपनीनेही भर घातली आणि नाशिकला त्यांच्यासाठी घर झाले. महायुद्धामुळे चित्रपट काढायला सरकारी परवाना लागत असे. फाळके यांनी तो मागितला, तो मिळाला नाही आणि काही दिवसांतच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिकला त्यांचे निधन झाले.

पेटणारी फिल्म, आंबणारी फिल्म

फाळके यांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा जवळचा नातेवाईक. पेटला की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तो स्वतःच पुरवतो, म्हणून पाण्यानेही विझत नाही. जुना होताना त्यातून नायट्रोजनची आम्ले सुटतात, चांदीचे चित्र फिकट होते, थर चिकट होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. पुढे आलेली ॲसिटेटची फिल्म भडकत नाही, पण दमट उष्णतेत तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. एकदा सुरू झालेली ही आंबण्याची क्रिया थांबवता येत नाही. थंड, कोरड्या हवेत ती फक्त मंद होते. जिलेटिनवर बुरशीही वाढते. याशिवाय माणसांनी केलेले नुकसान वेगळे. खेळ संपलेल्या फिल्म त्यातल्या चांदीसाठी भंगारात विकल्या गेल्या.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झाले. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचले. फाळके यांच्या घरच्यांशी संपर्क ठेवून त्यांनी जुनी रिळे मिळवली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे उरली आहेत, आणि तीही फाळके यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. ‘कालिया मर्दन’ त्या मानाने बराच शाबूत आहे. बाकीच्या बहुतेक चित्रपटांची नावेच उरली आहेत. पुण्याने स्वतःही एक मोठा घाव सोसला. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला.

साफ किती करायचे?

जे उरले आहे त्यासाठी आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान चालू आहे. काम चार पायऱ्यांनी होते. आधी फिल्म हाताने दुरुस्त करतात. फाटलेली भोके सांधतात, धूळ काढतात. मग प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे स्कॅन होते. चार हजार पिक्सेल रुंदीने स्कॅन केलेल्या एका चौकटीला सुमारे ५० मेगाबाइट लागतात, म्हणजे तासाभराच्या मूकपटाला ३ टेराबाइटच्या आसपास जागा हवी. त्यानंतर संगणकावर चित्र स्थिर करणे, फडफड काढणे, ओरखडे आणि डाग भरून काढणे. शेवटी प्रत जतनासाठी आणि प्रदर्शनासाठी वेगवेगळी तयार होते.

धूळ ओळखण्यासाठी संगणक एक साधी युक्ती वापरतो. एका चौकटीत आहे आणि मागच्या-पुढच्या चौकटीत नाही, तो डाग. पण आगीची ठिणगी, पाण्याचा थेंब, हवेत उडालेले पान हेही एकाच चौकटीत असू शकते. ‘कालिया मर्दन’सारख्या चित्रपटात पाण्याचे तुषार धूळ म्हणून पुसले गेले तर? गायब होण्याच्या जादूतला झटका बिघाड समजून सपाट केला तर? म्हणून हे काम यंत्रावर सोडून चालत नाही, जाणत्या माणसाने चौकटी नजरेखालून घालाव्या लागतात.

कणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. डाग आणि ओरखडे फिल्मवर नंतर आले, ते काढावेत यात वाद नाही. ग्रेन मात्र चित्राबरोबरच जन्मलेला. पण इथेही एक गुंता आहे. मूळ निगेटिव्हपासून प्रत, त्या प्रतीपासून पुन्हा निगेटिव्ह, असे करत गेले की प्रत्येक पिढी आपले कण आणि आपला काळोख त्यात मिसळते. प्रतीची प्रतच हाती लागली असेल, तर पडद्यावर दिसणारे सगळे कण मूळ चित्रणाचे नसतात. म्हणून चांगला तंत्रज्ञ नकलांमुळे वाढलेला खरखरीतपणा थोडा उतरवतो आणि तिथे थांबतो. त्यापुढे गेले तर गालावरचे बारीक बदल, भुवईची हालचाल, नजरेतली चमक हेही कणांबरोबर जाते आणि चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत दिसू लागतो. मंदाकिनीने आणलेले भाव त्याच पातळ रेषेवर आहेत. नवे संगणकी कार्यक्रम तर हरवलेले बारकावे स्वतःच्या अंदाजाने भरतात. तसे चित्र देखणे असेल, पण तो चेहरा १९१९ सालच्या त्या मुलीचा राहणार नाही.

घरच्या पडद्यावर

घरी पाहण्यासाठीच्या प्रतींत आणखी एक आर्थिक कारण येते. चित्रफीत आकुंचित करणारे तंत्र दोन चौकटींत काय बदलले एवढेच साठवते. ग्रेन प्रत्येक चौकटीत सगळीकडे बदलतो, त्यामुळे फाइल फुगते आणि कमी जागेत कोंबली की चौकोनी ठोकळे दिसतात. म्हणून डीव्हीडीच्या काळापासून कण आधीच पुसून टाकण्याचा मोह कंपन्यांना होत आला आहे. एव्ही१ सारख्या नव्या तंत्रात कण बाजूला काढून त्यांचे वर्णन आकड्यांत पाठवतात आणि घरचा संच ते पुन्हा चितारतो. ही तडजोड आहे, पण जतनाची मूळ प्रत कणांसह सुरक्षित असेल तर तिने नुकसान होत नाही.

प्रेक्षकालाही थोडे करता येते. जुना चित्रपट पाहताना टीव्हीतली खरखर कमी करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, धारदारपणा खाली आणावा. अंतर पुरेसे ठेवावे. कण मग टोचत नाहीत. मूकपटातली माणसे तुरुतुरु धावताना दिसली तर तो अभिनयाचा दोष समजू नये. सेकंदाला सोळा चौकटींनी घेतलेले चित्र चोवीसने चालवले की दीडपट वेगाने पळते. नीट केलेल्या प्रतीत माणसे माणसांसारखी चालतात.

रोज पाच तास पडद्यासमोर बसून फाळके यांनी जे शिकायचे ते शिकून घेतले आणि त्याची किंमत डोळ्यांनी मोजली. त्यांच्या शेकडो रिळांपैकी मोजकीच उरली आहेत. ती पाहायला फार तर एक संध्याकाळ लागते. त्या संध्याकाळी दिवा मंद ठेवावा, मध्ये एकदा उठून खिडकीबाहेर लांब नजर टाकावी आणि परत येऊन ते थरथरणारे करडे कण पाहावेत. त्या प्रत्येक चौकटीसाठी भोके अंधारात पाडावी लागत, आणि ती पाडणाऱ्या बाईंनी दिवसभर सत्तर माणसांचा स्वयंपाक केलेला असे.